काल्पनिक तीन-इंजिनी प्रवासी जेट: आकाराआधी त्याचं जन्मसाल ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक्स-प्लेन या उड्डाण-सिम्युलेटरच्या प्लेन मेकर या विमान बनवायच्या साधनात मनातलं एक प्रवासी जेट उभं केलंय. २२० प्रवासी, ६,५०० किलोमीटर पल्ला, तिन्ही इंजिनं मागे आणि वर टी-टेल (उभ्या शेपटाच्या टोकावर बसवलेली आडवी शेपूट). लांबी ४७ मीटर, पंखांचा पसारा ३४ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १२५ चौरस मीटर, आडवी शेपूट ३९ चौरस मीटर, टेकऑफचं कमाल वजन ९५ टन, प्रत्येक इंजिन १५० किलोन्यूटनचं. मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या ३ मीटर मागे. विमान दिसतं देखणं, पण १८० नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) नाक उचलत नाही आणि मग एकदम उसळतं. क्रूझमध्ये (उंचावरच्या स्थिर उड्डाणात) नाक ७ अंश वर राहतं. चढाई तर लढाऊ विमानासारखी होते. ‘हे खरं वाटत नाही, तिसरं इंजिन काढून टाकू का?’ असं शेवटी विचारलंय, सोबत चित्रही जोडलंय.

तिसरं इंजिन काढू नका. त्रास त्या इंजिनाचा नाहीच. यातला प्रत्येक आकडा वेगळ्या विमानातून आलाय आणि ते आकडे एकमेकांना ओळखत नाहीत. पंख बोइंग ७३७-८०० च्या घरातले आहेत, लांबी ७५७-२०० ची आहे, इंजिनं एवढी मोठी आहेत की त्यातली दोनही जवळजवळ पुरली असती, आणि वजन कशातूनही निघालेलं नाही. एक्स-प्लेन पंखाचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचा जोर सेकंदाला अनेक वेळा मोजतं. त्यामुळे तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं सिम्युलेटरचा दोष नाहीत. त्या आकारातून तेच निघणार होतं. ही चांगली बातमी आहे, कारण मग प्रत्येक लक्षणाचं कारण हिशेबाने सापडतं.

काल्पनिक विमान बनवताना मी सगळ्यात आधी दोन गोष्टी लिहून काढते: हे विमान कोणत्या साली जन्मलं, आणि ते कोणत्या कामासाठी मागवलं गेलं. आकार, नाव, रंग हे सगळं त्यानंतर. तुमच्याकडे काम लिहिलेलं आहे, साल नाही. आणि तीन इंजिनांच्या विमानाला साल नसेल तर त्या तिसऱ्या इंजिनाला कारणच उरत नाही.

बोइंग ७२७ बघा. १९६३ साली ते पहिल्यांदा उडालं. त्याला तीन इंजिनं आली ती ग्राहक विमान कंपन्यांच्या ओढाताणीतून. युनायटेडला डेन्व्हरसारख्या उंचावरच्या विमानतळासाठी चार हवी होती, अमेरिकनला खर्चासाठी दोन, आणि ईस्टर्नला कॅरिबियनच्या समुद्रावरून जाण्यासाठी तीन. त्या काळी अमेरिकेत दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा दूर जाता येत नसे, आणि १९६४ पासून तीन इंजिनांची विमानं या बंधनातून सुटली. म्हणजे तिसरं इंजिन हा समुद्र ओलांडण्याचा परवाना होता. १९८५ मध्ये जुळ्या इंजिनांच्या विमानांना १२० मिनिटांची मुभा मिळाली आणि त्या परवान्याची किंमतच गेली. त्याआधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, बोइंगनेही ७६७ च्या जोडीने तीन इंजिनांचं एक विमान कागदावर मांडलं होतं आणि त्याचं नाव ७७७ ठेवलं होतं. ते बनलं नाही. पुढे तेच नाव एका दोन-इंजिनी विमानाला मिळालं.

तुमच्या विमानाची खरी जागा इथे आहे. ते १९७८–८२ च्या सुमारास जन्मलं असं धरा: मोठ्या बायपासची (बरीचशी हवा गाभ्याच्या बाहेरून नेणारी, कमी इंधन खाणारी) इंजिनं हाताशी आहेत, पण जुळ्या इंजिनांना समुद्र अजून मोकळा झालेला नाही. ६,५०० किलोमीटर म्हणजे अटलांटिक ओलांडण्याचा पल्ला. झालं, तिसऱ्या इंजिनाला कारण मिळालं, आणि मागे इंजिनं व टी-टेल हे ७२७ च्या पिढीचं वळण पुढे चालू ठेवलेलं दिसेल. जो कोणी हे विमान उडवेल त्याला हा इतिहास सांगायची गरज पडणार नाही, तो आकारातूनच कळेल.

आता वजन. हा भाग सावकाश वाचा, कारण पुढचं सगळं यातून निघतं.

२२० प्रवासी सामानासकट प्रत्येकी १०० किलो धरले तर २२ टन. आता इंधन. पल्ल्याचं जुनं समीकरण आहे, ब्रेगेचं. वेग भागिले इंधनखप, गुणिले लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणि ड्रॅग (हवेचा विरोध) यांचं गुणोत्तर; या आकड्याने पल्ल्याला भागायचं आणि २.७१८ या आकड्याचा आलेल्या उत्तराइतका घात घ्यायचा. ३५,००० फुटांवर मॅक ०.७९ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७९ पट) म्हणजे ताशी साधारण ८४३ किलोमीटर. लिफ्ट-ड्रॅग १७ धरा. इंधनखप म्हणजे एक किलो थ्रस्ट (इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर) तासभर टिकवायला किती किलो इंधन लागतं तो आकडा. १९८० च्या आसपासच्या मोठ्या बायपासच्या इंजिनाला ०.५८ धरू. ८४३ भागिले ०.५८ गुणिले १७, म्हणजे सुमारे २४,७००. त्याने ६,५०० ला भागलं की ०.२६३, आणि २.७१८ चा तेवढा घात १.३०. याचा अर्थ क्रूझ सुरू होतानाचं वजन क्रूझ संपतानाच्या १.३० पट, म्हणजे २३ टक्के वजन इंधन म्हणून जळणार. चढाई आणि राखीव साठा मिळून आणखी ६ टक्के. एकूण २९.

रिकाम्या विमानाचं वजन या वर्गात टेकऑफ वजनाच्या साधारण निम्मं असतं. तुमच्या विमानात तिसरं इंजिन, त्याची हवेची नळी, मागचं मजबूत केलेलं धड आणि टी-टेलचं जड उभं शेपूट आहे, म्हणून ५० ऐवजी ५२ टक्के धरा. १०० मधून २९ आणि ५२ गेले, उरले १९. त्या १९ टक्क्यांत २२ टन बसवायचे, म्हणून पूर्ण विमान ११६ टनांचं. ५० टक्क्यांवर हाच आकडा १०५ टन आला असता. रिकाम्या वजनात दोन टक्क्यांचा फरक आणि टेकऑफला ११ टनांचा! खऱ्या डिझायनर्सना वजन कमी करायचं एवढं वेड का असतं ते या एका वजाबाकीत दिसतं.

हे उत्तर खऱ्या विमानांशी ताडून बघा. ७५७-२०० चं कमाल वजन ११५.७ टनांपर्यंत जातं, आणि आजचं एअरबस ए३२१एलआर ९७ टनांत असंच काम करतं. आपण बरोबर त्या गल्लीत आहोत. आता सालाची ताकद बघायची असेल तर हाच हिशेब १९६३ च्या इंजिनाने करा, इंधनखप ०.८ धरून. इंधन ३६ टक्क्यांवर जातं, प्रवाशांसाठी १२ टक्के उरतात आणि विमान १८० टनांच्या पुढे निघतं, म्हणजे ७०७ च्या सगळ्यात जड रूपापेक्षाही जड. तेच प्रवासी, तेवढंच अंतर. जन्मसाल बदललं की विमानच बदलतं, म्हणून मी ते आधी विचारते.

वजन मिळालं की पंख आपोआप मिळतो. या वर्गात पंखाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ६३० किलो भार ठीक असतो. ए३२० ही त्याच आसपास आहे. ११६ टनांना १८४ चौरस मीटर लागतात. तुमचे १२५ चौरस मीटर म्हणजे ९५ टनांवरसुद्धा दर मीटरला ७६० किलो, आणि खऱ्या ११६ टनांवर ९०० च्याही वर. क्रूझमधल्या ७ अंशांचं अर्धं उत्तर इथे आहे. मॅक ०.७९ ला ३५,००० फुटांवर १०० टनांचं विमान १८४ चौरस मीटरच्या पंखावर लिफ्टचा गुणांक (पंखाला किती कसून लिफ्ट काढावी लागते तो आकडा) ०.५१ मागतं. तुमचा पंख ९० टनांवरच ०.६८ मागतोय. तेवढी लिफ्ट काढायला विमानाला नाक दीड-दोन अंश जास्त उचलावं लागतं. उरलेलं अर्धं उत्तर पंखाच्या बसवणीत आहे. प्लेन मेकरमध्ये पंखाच्या प्रत्येक तुकड्याला धडाच्या रेषेशी किती कोन द्यायचा ते भरता येतं, आणि माझा अंदाज आहे की तुमच्याकडे तिथे सगळीकडे शून्य आहे. मुळाशी ४ ते ५ अंश द्या आणि टोकाकडे उतरवत शून्य-एकपर्यंत आणा. क्रूझमध्ये नाक २–३ अंशांवर येईल. टोकाचा कोन कमी ठेवल्याने आणखी एक फायदा होतो: स्टॉल (पंखावरची हवा सुटून लिफ्ट कोसळणं) आधी मुळाशी सुरू होतो आणि एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) शेवटपर्यंत हातात राहतात.

पसाऱ्याचा निर्णय मात्र तुम्हालाच घ्यावा लागेल. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ३६ मीटरच्या आत पसारा असेल तर विमान ‘सी’ वर्गात बसतं, आणि ३६ ते ५२ च्या आत ‘डी’ मध्ये. १८४ चौरस मीटरचा पंख ३६ मीटरमध्ये कोंबला तर तो आखूड आणि रुंद होतो, पसारा-रुंदीचं गुणोत्तर ७ वर येतं, आणि आपण धरलेलं १७ चं लिफ्ट-ड्रॅग विसरावं लागतं. ४१ मीटर घेतले तर ते ९ च्या वर जातं. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानासाठी मी ४१ घेईन आणि लहान गेट सोडून देईन. ७५७ नेही ३८ मीटरचा पसारा घेऊन तेच केलं. बोइंगने ७७७एक्सला पंखांची टोकं दुमडायची सोय दिली तीही याच भांडणापायी: पसरलेली ७१.७५ मीटर, दुमडली की ६४.८५, म्हणजे ६५ च्या मर्यादेच्या जेमतेम आत. पंखाचा मागे झुकाव २५ ते ३० अंश ठेवा, आणि पंखाच्या छेदासाठी जुने चार-आकडी एनएसीए प्रोफाइल (अमेरिकेच्या जुन्या हवाई संशोधन संस्थेचे ठरावीक आकार) वापरू नका, ते ०.७९ च्या कितीतरी आधीच ड्रॅगच्या भिंतीला धडकतात.

उतरतानाचा वेगही याच पंखातून तपासून घ्या. ९० टनांवर, स्लॅट आणि फ्लॅप (पंखाच्या पुढच्या-मागच्या, लिफ्ट वाढवणाऱ्या पट्ट्या) पूर्ण बाहेर असताना गुणांक २.६ धरला तर स्टॉल १०७ नॉटच्या आसपास येतो आणि अप्रोचचा (धावपट्टीकडे उतरत येतानाचा) वेग १३० च्या घरात. छान आहे.

इंजिनांबद्दल. ९५ टनांवर ४५० किलोन्यूटन म्हणजे वजनाच्या ४८ टक्के थ्रस्ट. लढाऊ विमानासारखी चढाई याचीच. पण किती हवा हे कसं ठरवायचं? खरी मोजपट्टी असते टेकऑफला एक इंजिन बंद पडल्यावरची चढाई. नियमानुसार चाकं आत घेतल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला २.४ टक्के, तीनच्या विमानाला २.७ आणि चारच्या विमानाला ३.० टक्के चढ टिकवता आला पाहिजे. फ्लॅप बाहेर असताना लिफ्ट-ड्रॅग ११ च्या आसपास असतो, म्हणजे नुसतं तरंगायला वजनाच्या ९ टक्के थ्रस्ट लागतो आणि वर चढाईचे २.७. एकूण १२ टक्के, तेही उरलेल्या दोन इंजिनांकडून. म्हणजे तिन्ही मिळून १८, आणि वेगात थ्रस्ट घटतो म्हणून जमिनीवर उभं असताना २२ ते २५ टक्के. जुळ्या इंजिनांच्या विमानाला हाच हिशेब २९–३० टक्क्यांवर नेतो, कारण त्याचा अर्धा जोर एका क्षणात जातो. म्हणून ११६ टनांच्या तुमच्या विमानाला प्रत्येकी ९५ किलोन्यूटनची तीन इंजिनं पुरतात. दोनच ठेवली असती तर प्रत्येकी १७० लागली असती. तीन इंजिनांच्या विमानाचा स्वभाव इथे घडतो: सगळी इंजिनं चालू असताना चढाई शांत, पण एक गेलं तरी फारसा फरक न पडणारी. तुमच्या विमानाला तो स्वभाव द्या. वैमानिकाला तो पहिल्याच टेकऑफमध्ये जाणवतो.

आता सगळ्यात त्रासाचं लक्षण, नाक न उचलणं. इथे मी आकडे जवळून मांडते, कारण मागे इंजिनं असलेल्या बहुतेक हौशी डिझाइन इथेच अडकतात.

नाक उचलताना विमान मुख्य चाकांभोवती फिरतं. तुमची चाकं गुरुत्वमध्याच्या ३ मीटर मागे आहेत, म्हणजे ९५ टन वजन ३ मीटरच्या हाताने नाक खाली दाबतंय: २८५ टन-मीटर. शिवाय इंजिनं वरच्या बाजूला आहेत. त्यांची रेषा गुरुत्वमध्याच्या दीड मीटर वर धरली तर ४५० किलोन्यूटनचा जोर आणखी ६९ टन-मीटरने नाक दाबतो. एकूण ३५४. चाकांपासून शेपूट १७ मीटरवर, म्हणजे शेपटाला जवळजवळ २१ टनांचा जोर खाली लावावा लागेल. ३९ चौरस मीटरची शेपूट १४० नॉटला जेमतेम साडेबारा टन देऊ शकते. २१ टन द्यायला तिला १८० नॉट लागतात. तुम्ही सांगितलेला आकडा हाच. पंखाची लिफ्ट थोडी मदत करते म्हणून हा हिशेब ठोकळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे. आणि उसळी का येते? तोवर पंखावर भरपूर लिफ्ट साचलेली असते. नाक जरा हललं की पंख वजन उचलून घेतो, चाकांवरचा भार नाहीसा होतो, आणि पूर्ण मागे ओढलेल्या एलिव्हेटरचे (आडव्या शेपटीच्या हलत्या भागाचे) २१ टन आता कोणाशीही न झगडता विमान फिरवतात.

उपाय म्हणजे मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या १.८ मीटर मागे आणा. नाकाच्या चाकापासून मुख्य चाकं साडेअठरा मीटरवर असतील तर नाकाच्या चाकावर १० टक्क्यांच्या आत भार येतो, जो योग्य आहे. तुमच्या ३ मीटरवर तो याच अंतराला १६ टक्के येतो. ११६ टन गुणिले १.८ म्हणजे २०९, त्यात ९५ च्या तीन इंजिनांचे ४३, एकूण २५२. शेपूट आता चाकांपासून १८ मीटरवर, तेव्हा १४ टन पुरतात. शेपूट ४५ चौरस मीटरची करा, ती १४० नॉटला साडेचौदा टन देईल. या वजनाला नाक उचलायचा वेग १५० च्या आसपास असेल, म्हणजे हातात थोडी शिल्लकही राहते.

हे ४५ कुठून आले? पंखाचं क्षेत्रफळ गुणिले त्याची सरासरी रुंदी (निमुळत्या पंखात रुंद मुळाला जास्त महत्त्व देऊन काढलेली), भागिले गुरुत्वमध्यापासून शेपटाचं अंतर. १८४ गुणिले ४.९ भागिले २०. प्रवासी जेटला या सूत्राचा गुणक एकच्या आसपास ठेवावा हा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे.

यात एक मेख आहे, आणि ती मागे इंजिनं असलेल्या प्रत्येक विमानाची आहे. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य खूप मागे असतो, कारण इंजिनं मागे. प्रवासी बसले की तो पुढे सरकतो, कारण केबिनचा मोठा भाग पंखाच्या पुढे. आणि सगळा खेळ चालतो तो पंखाच्या सरासरी रुंदीच्या १५ ते ३५ टक्क्यांमध्ये, म्हणजे ४७ मीटरच्या विमानात जेमतेम एका मीटरमध्ये. सोव्हिएत आयएल-६२ ला चार इंजिनं मागे होती आणि रिकामं उभं असताना ते शेपटीवर बसू नये म्हणून मागे वेगळा आधार उतरवावा लागे, त्याला छोटी चाकंही होती. तुम्ही प्लेन मेकरमध्ये गुरुत्वमध्याची पुढची आणि मागची मर्यादा भरा, रिकामं विमान जमिनीवर उभं करून बघा, आणि मग पूर्ण भरून. दोन्ही वेळा ते तीन चाकांवर उभं राहिलं पाहिजे. राहत नसेल तर शेपटाशी खेळू नका, पूर्ण पंख मागे सरकवा. ७२७, डीसी-९ या विमानांचं पंखापुढचं धड एवढं लांब दिसतं ते याच कारणाने, आणि तुमच्या विमानाचंही तसंच दिसायला लागलं की समजा, गाडी रुळावर आली.

जडत्वाचे आकडेही एकदा बघून घ्या. नाक वर-खाली करतानाची जडत्व-त्रिज्या (वजन गुरुत्वमध्यापासून साधारण किती दूर पसरलंय ते अंतर) लांबीच्या सहाव्या हिश्शापेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे ८ मीटरच्या वर. मागे इंजिनं असल्याने ती थोडी वाढते. रोलमधली (पंख कलतानाची) मात्र कमी होते, कारण पंखांवर इंजिनं लटकलेली नाहीत. विमान पंखांवर चपळ आणि नाकाने संथ वाटलं पाहिजे.

टी-टेलचं एक देणं आहे. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी बीएसी वन-इलेव्हनचं एक चाचणी विमान डीप स्टॉलमध्ये जाऊन कोसळलं: मोठ्या कोनावर पंखांच्या आणि इंजिनांच्या मागची मंदावलेली हवा वरच्या शेपटावर येते आणि एलिव्हेटरला धरायला काही उरत नाही. त्यानंतर अशा विमानांत स्टॉलच्या आधीच नाक खाली ढकलणारी यंत्रणा आली. तुमच्या विमानात ती नसेल तर त्या काळातलं टी-टेल विमान अपुरं वाटेल.

मधल्या इंजिनाला हवा दोन प्रकारे देता येते. ७२७, ट्रायडेंट आणि ट्रायस्टारमध्ये उभ्या शेपटाच्या पायथ्याशी तोंड, आणि नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळून खाली धडाच्या टोकातल्या इंजिनात. डीसी-१० आणि एमडी-११ मध्ये इंजिन उभ्या शेपटातच, नळी सरळ. सरळ नळीत हवेचा दाब कमी वाया जातो, पण इंजिन उंच जातं, थ्रस्ट नाक आणखी दाबतो आणि रडरची (उभ्या शेपटाच्या हलत्या भागाची) जागा खाल्ली जाते. वर आडवी शेपूट बसवायची आहे तेव्हा तुमच्यासाठी वळणाची नळीच योग्य. प्लेन मेकरमध्ये मधल्या इंजिनाची उंची नॉझलच्या (मागे झोत सोडणाऱ्या तोंडाच्या) उंचीवर ठेवा, हवा घेणाऱ्या तोंडाच्या उंचीवर नाही. एवढ्या एका आकड्याने गो-अराउंडचा (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचा) सगळा स्वभाव पालटतो.

धड आणि केबिनमध्ये तुम्ही बरंच बरोबर केलंय. एका मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आसनं ठेवता येत नाहीत, म्हणून सहाच्या रांगेत २२० माणसं म्हणजे ३७ रांगा, त्या सुमारे २९ मीटर, त्यात किचन, शौचालयं, दारं धरून ३५–३६ मीटरची केबिन. ४७ मीटर लांबी पटते. दारांकडे मात्र लक्ष द्या, चित्रात तुम्ही तीनच जोड्या दाखवल्या आहेत. विमान अर्ध्या दारांतून ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे, आणि दाराच्या आकारावरून प्रवाशांची मर्यादा ठरते. ‘सी’ प्रकारच्या दारांच्या एका जोडीला ५५ प्रवासी. चार जोड्या केल्या की नेमके २२०. शेजारच्या दोन दारांत ६० फुटांपेक्षा जास्त अंतर नको, आणि शेवटची जोडी बाजूच्या इंजिनांच्या पुढे बसवा. खिडक्या ५१ ते ५३ सेंटिमीटरच्या ठेक्याने लावा. खऱ्या विमानात त्या धडाच्या सांगाड्याच्या कड्यांप्रमाणे येतात, आसनांप्रमाणे नाही. आसनांच्या रांगांना जुळवलेल्या खिडक्या हे खोट्या विमानाचं दुरून दिसणारं लक्षण आहे.

सगळं भरून झालं की आधी समुद्रसपाटीच्या धावपट्टीवर, प्रमाण हवामानात, पूर्ण ११६ टनांवर विमान उभं करा. नाक कोणत्या वेगाला उठतं ते लिहा. मग एक इंजिन बंद करून चढ मोजा, २.७ पेक्षा फार वर असेल तर इंजिनं अजून मोठी आहेत. शेवटी ३५,००० फुटांवर १०० टनांवर स्थिर उडवून इंधनाचा प्रवाह बघा. १०० टन भागिले १७ म्हणजे ५.९ टन थ्रस्ट, गुणिले ०.५८, म्हणजे तिन्ही इंजिनं मिळून ताशी ३,४०० किलो. जास्त जळत असेल तर आधी ड्रॅग तपासा. बहुतेक वेळा धडाचा मागचा भाग फार तीव्रपणे निमुळता केलेला असतो किंवा नॅसेल (इंजिनांची आवरणं) फुगलेले असतात. लगेच इंजिनाचा इंधनखप खाली ओढून आकडा जुळवू नका, नाहीतर चूक झाकली जाते आणि दुसऱ्या उंचीवर पुन्हा डोकं वर काढते. एका वेळी एकच आकडा बदला.

पुढे कधी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये न्यायचं झालं तर तिथे वजन, गुरुत्वमध्य, जडत्व आणि पंखाची मापं कॉन्फिगरेशनच्या फाइलींत शब्दशः भरावी लागतात, आणि फ्लाइटगिअरच्या जेएसबीसिममध्ये तर लिफ्ट-ड्रॅगचे तक्तेच तुम्ही लिहायचे. वरचा कागद हाताशी असेल तर दोन्हीकडे तो तसाच चालतो. आत्ता मात्र पंख १८४ चौरस मीटरचा करून ४१ मीटरवर न्या, चाकं पुढे घ्या, इंजिनं ९५ वर आणा आणि एवढ्यावर एक टेकऑफ करून बघा. लिव्हरी (रंगसंगती) आणि कॉकपिट नंतर.